हौशी रेडिओमंडळे : आवाज कोणाचा, परवाना कोणाचा?

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी आज घरोघरी मोबाइल फोन पोचला आहे. मुंबईला बोलायचे असो की दुबईला, खिशातून यंत्र काढले की काम झाले. असे असताना स्वतः अभ्यास करून, सरकारी परीक्षा देऊन, गच्चीवर तार ताणून अनोळखी माणसाशी रेडिओवरून बोलणारे लोक जगात लाखोंच्या संख्येने का असावेत? या लोकांना हौशी रेडिओचालक किंवा 'हॅम' म्हणतात. या कामाचे त्यांना पैसे मिळत नाहीत. पैशासाठी हे काम करायचे नाही, असा नियमच आहे. ते मंडळे काढतात, आठवड्याला जमतात, जुनी यंत्रे उघडतात, नवी जोडतात आणि एकमेकांना शिकवतात.

वरवर पाहता हा हौसेचा मामला वाटतो. परंतु आपल्याकडचा त्याचा इतिहास पाहू लागलो, की एक गंभीर प्रश्न समोर येतो. हवेतून बोलण्याचा अधिकार कोणाचा? आणि तो कोणी कोणाला, कशाच्या भरवशावर द्यायचा? या प्रश्नाची उत्तरे गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदलली. ती कशी बदलली ते आपण येथे पाहू.

टाकाऊ ठरवलेल्या लहरी

विसाव्या शतकाच्या आरंभी असा समज होता, की तरंगलांबी जितकी मोठी तितका संदेश दूर जातो. म्हणून जहाजे, लष्कर आणि व्यापारी कंपन्या लांब लहरी वापरत. अमेरिकेत १९१२ साली कायदा झाला आणि हौशी लोकांना २०० मीटर व त्याहून आखूड लहरींवर ढकलण्यात आले. या लहरी कोणाच्याच उपयोगाच्या नाहीत, तेव्हा मुलांना खेळायला द्यायला हरकत नाही, असा त्यामागचा हिशेब होता.

हौशी लोकांनी हा हिशेब खोटा ठरवला. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील एका हौशी केंद्राचे संदेश अटलांटिकपलीकडे स्कॉटलंडमध्ये ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑन देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरच्या लहरीवर महासागरापलीकडे एकमेकांशी संवाद साधला. या लहरी वर जातात, वातावरणाच्या उंच भागातील विद्युतभारित थरांवरून, म्हणजे आयनांबरातून, परततात आणि शेकडो-हजारो किलोमीटरवर उतरतात. हे थर खरोखरच आहेत याचा थेट पुरावा एडवर्ड ॲपल्टन यांनी १९२४ च्या अखेरीस मिळवला. त्या संशोधनासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी आयनांबराच्या अभ्यासाची परंपरा उभी केली.

मुंबईचा रेडिओ क्लब

भारतात रेडिओ प्रथम सरकारी खात्याने घरोघरी नेला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सुरुवात हौशी लोकांनी केली. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू हे १९२१ साली देशातील पहिले हौशी चालक ठरले. त्यांची संज्ञा होती 'टू जे के'. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या क्लबने आणि १९२४ साली मद्रासच्या क्लबने हीच वाट धरली. सभासदांच्या वर्गणीवर, काही तासांपुरती, मर्यादित शक्तीच्या यंत्रांवर ही केंद्रे चालत.

पुढे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. उत्पन्न पुरेना, म्हणून ही कंपनी १९३० साली बंद पडली आणि प्रक्षेपण सरकारकडे गेले. १९३६ पासून 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. म्हणजे आकाशवाणीच्या आधी क्लब होते आणि श्रोत्यांची पहिली पिढी या क्लबांनी घडवली.

'यंत्रे जमा करा'

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. सरकारने हौशी परवाने थांबवले आणि प्रक्षेपक पोलिसांकडे जमा करण्याचे आदेश दिले. कारण उघड होते. जो माणूस घरातून हजार किलोमीटरवर बोलू शकतो, तो शत्रूशीही बोलू शकतो. काल ज्याला कौतुकाने परवाना दिला, तोच आज संशयित ठरला.

यंत्र जमा करता येते. ते बनवण्याचे ज्ञान मात्र जमा करता येत नाही. तीनच वर्षांत मुंबईत याचा प्रत्यय आला.

४२.३४ मीटर

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर बंधने आली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी व बाबूभाई खाखर यांनी गुप्त रेडिओ केंद्र काढायचे ठरवले. पैसे आणि धैर्य जमले. पण प्रक्षेपक कोण बांधणार? त्यासाठी त्यांनी नरिमन प्रिंटर यांना गाठले. प्रिंटर हे हौशी रेडिओचालक होते. ध्वनिवर्धकांचा व्यवसाय करणाऱ्या 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवाने यांच्याकडूनही साहाय्य मिळाले.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. भारतात कोठून तरी ४२.३४ मीटरवरून बोलत आहोत, एवढाच पत्ता निवेदिका सांगत असे. या आकड्याकडे शिक्षकांनी जरूर लक्ष वेधावे. रेडिओलहरीचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर. त्याला ४२.३४ ने भागले की वारंवारता येते सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. आज भारतात हौशी चालकांना जो ४० मीटरचा पट्टा दिलेला आहे, तो ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा. म्हणजे हे केंद्र आजच्या हौशी पट्ट्याच्या बरोबर आत बोलत होते.

या केंद्राने जे सांगितले ते वृत्तपत्रे छापू शकत नव्हती. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि आपल्या विदर्भातील आष्टी व चिमूर. १६ ऑगस्ट १९४२ रोजी या दोन गावांत उठाव झाला आणि त्यानंतर तेथील लोकांवर जे अत्याचार झाले, त्यांचे वर्णन या केंद्रावरून देशाला ऐकवण्यात आले. आष्टी आणि चिमूर ही दोन्ही गावे आर्णीपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. विदर्भातील खेड्याची बातमी मुंबईतील एका खोलीतून आकाशात गेली, ती हौशी चालकाने जपलेल्या ज्ञानामुळे.

लहर लपत नाही

गुप्तपणे बोलणाऱ्याची एक अडचण असते. रेडिओलहर मित्राच्या घरी जाते, तशीच पोलिसांच्या यंत्रातही जाते. दिशा दाखवणारा ग्राही दोन वेगळ्या ठिकाणी ठेवला आणि दोन्हींकडून मिळालेल्या दिशा नकाशावर काढल्या, की रेषा जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. पोलिसांच्या गाड्या अशाच शोधत फिरत होत्या. म्हणून केंद्राला चौपाटीवरील पहिल्या जागेपासून पुन्हापुन्हा जागा बदलावी लागली.

शेवटी नुसत्या भूमितीने हे केंद्र सापडले नाही. पोलिसांनी प्रिंटर यांना पकडले आणि त्यांच्याकडून माहिती काढली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीजवळील 'पॅरडाइज' बंगल्यात, प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. खटल्यात उषा मेहता यांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. कित्येक महिने चौकशी होऊनही त्यांनी सहकाऱ्यांविरुद्ध तोंड उघडले नाही. त्या १९४६ साली सुटल्या, पुढे मुंबईत राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले.

ज्याच्या हातांनी केंद्र उभे राहिले, त्याच्याच माहितीने ते पडले. याचा दोष एका व्यक्तीवर टाकून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला मात्र यातून दुसरी गोष्ट दिसते. यंत्राचे ज्ञान अगदी थोड्यांपाशी होते. त्यांतील एक कडी तुटली आणि साखळी गेली. ज्ञान जितक्या अधिक लोकांत पसरलेले, तितके ते टिकाऊ. हौशी मंडळांचे खरे काम हेच आहे.

पुन्हा परवाना

युद्ध संपल्यावर हौशी परवाने पुन्हा मिळू लागले. १९४८ साली महू येथे हौशी चालकांचा अखिल भारतीय क्लब निघाला. १९५४ साली तो दिल्लीला गेला आणि 'अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाला. स्वतंत्र भारताच्या सरकारनेही परवाना, परीक्षा आणि संज्ञा ही पद्धत ठेवली. भारतीय संज्ञांची सुरुवात बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी होते.

या परवान्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. बोलताना आपली संज्ञा सांगायची. साध्या भाषेत बोलायचे, सांकेतिक भाषा वापरायची नाही. व्यापार करायचा नाही. केलेल्या संभाषणांची नोंदवही ठेवायची. १९४२ च्या केंद्राने नेमके याच्या उलट केले होते. परवाना घेतला नाही, पत्ता लपवला. तेव्हा कायदा परक्या सत्तेचा होता आणि लोकांचा आवाज बंद केलेला होता. आज कायदा आपला आहे, आणि बोलणारा स्वतःचे नाव सांगून बोलतो. नियम मोडणे कधी योग्य आणि पाळणे कधी आवश्यक, याची चर्चा वरच्या वर्गांत या उदाहरणावरून चांगली होऊ शकेल.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. दगडमातीची जड घरे कोसळली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. भारतात मोबाइल सेवा सुरू व्हायला अजून दोन वर्षे होती. अशा वेळी हौशी रेडिओचालक भूकंपग्रस्त भागात गेले, तेथे केंद्रे उभारली आणि मदतकार्यासाठी संदेश पोचवले.

अशा वेळी हौशी केंद्राचा उपयोग का होतो? मोबाइल किंवा टेलिफोनचे काम मनोऱ्यांवर, केबलवर आणि मुख्य केंद्रांवर अवलंबून असते. हौशी केंद्राला मोटारीची बॅटरी, एक प्रक्षेपक-ग्राही आणि तार पुरते. मध्ये कोणी लागत नाही. २६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपातही हौशी चालक असेच उपयोगी पडले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांचे पथक हौशी रेडिओच्या कामासाठीच अंदमानात होते; त्या पथकाने बेटांवरून संदेश पोचवले.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. भूकंपानंतर कोणी रेडिओ शिकायला बसत नाही. संदेश लिहून घेणे, परत वाचून दाखवणे, वेळ नोंदवणे, दुसरा बोलत असताना गप्प राहणे, या सवयी आधीच अंगात मुरलेल्या असाव्या लागतात.

मंडळात काय चालते?

त्या मुरतात मंडळात. तेथे नवख्यांना परीक्षेसाठी शिकवले जाते. किमान वय बारा वर्षे असल्याने शाळकरी मुलेही बसू शकतात. मॉर्सचा सराव चालतो. ठरलेल्या वेळी ठरलेल्या वारंवारतेवर सगळे हजेरी लावतात, त्याला 'नेट' म्हणतात. एक जण सूत्रधार असतो आणि पाळीपाळीने बोलावतो. संभाषण झाल्याची खूण म्हणून देशोदेशीच्या चालकांची कार्डे येतात. एक खेळ फारच गमतीचा असतो : लपवलेला छोटा प्रक्षेपक हातातील दिशादर्शक अँटेनाने शोधून काढायचा. १९४२ साली पोलीस जे करत होते, तेच येथे मुले हसतखेळत करतात.

काही मंडळी उपग्रहांकडे वळली आहेत. हौशी चालकांसाठी इस्रोने ५ मे २००५ रोजी 'हॅमसॅट' सोडला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, सुमारे एक किलो वजनाचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी अवकाशात गेला. तोही हौशी पट्ट्यात संदेश देण्यासाठी होता.

वर्गात करून पाहण्यासारखे

प्रक्षेपणासाठी परवाना लागतोच. विनापरवाना प्रक्षेपण हा गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांना प्रथम सांगावे. पुढील दोन उपक्रमांना मात्र प्रक्षेपक लागत नाही.

पहिला उपक्रम कागदावरचा. मुंबई ते आर्णी सरळ अंतर सुमारे ५५० किलोमीटर धरा. आयनांबराचा परावर्तक थर ३०० किलोमीटर उंच माना. पृथ्वीची वक्रता सोडून द्या आणि समद्विभुज त्रिकोण काढा. मुंबईहून निघालेली लहर एका उडीत आर्णीला उतरायची तर ती जमिनीशी किती अंशांचा कोन करून निघाली पाहिजे? उत्तर सुमारे ४७ अंश येईल. दिवसा ७ मेगाहर्ट्झची लहर काही शे किलोमीटरवर कशी उतरते, हे या आकृतीवरून कळते.

दुसरा उपक्रम मैदानावरचा. मध्यम लहरी पकडणारा साधा ट्रान्झिस्टर घ्या. दिवसा एखादे दूरचे केंद्र लावा आणि संच आडवा धरून सावकाश फिरवा. एका स्थितीत आवाज सर्वांत क्षीण होतो. त्या वेळी आतील फेराइट कांडी, जी बहुधा संचाच्या लांबीला समांतर असते, केंद्राच्या रेषेत असते. होकायंत्राने ती दिशा मोजा. हाच प्रयोग दिग्रसच्या आणि यवतमाळच्या शाळेला त्याच दिवशी करायला सांगा. तिन्ही रेषा एका नकाशावर काढा. त्या एका बिंदूत मिळणार नाहीत, एक छोटा त्रिकोण तयार होईल. तो त्रिकोण का तयार झाला आणि लहान कसा करता येईल, यावर मुलांना बोलू द्या. तीन गावांतल्या मुलांनी एकमेकांची मापे मागितली, तपासली आणि त्यांवर विश्वास ठेवला, की रेडिओमंडळाचे निम्मे काम झालेच.