लवणासुराचे रक्त

मेहकर हे नाव मेघंकर दैत्यावरून पडले, असे तेथील लोक सांगतात. शार्ङ्गधररूपी विष्णूने त्यास मारले. १८८८ साली जमिनीतून निघालेली बालाजीची भव्य कृष्णपाषाणमूर्ती त्याच शार्ङ्गधराची होय. परंतु दैत्याच्या वधानंतर त्याच्या देहाचे काय झाले, याची कथा ऐकावयाची तर मेहकरच्या दक्षिणेस, पूर्वी त्याच तालुक्यात मोडणाऱ्या लोणारास गेले पाहिजे.

लवणासुर तेथे भूमीखालच्या विवरात दडून लोकांस पीडा देई. विष्णूने सुंदर कुमाराचे रूप घेऊन दैत्याच्या बहिणींकडून विवराचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडविले आणि त्यास ठार केले. त्याचे रक्त ते सरोवराचे पाणी व मांस तो त्यातील क्षार! लोणारचे दैत्यसूदन मंदिर याच विजयाचे स्मारक आहे.

असुराच्या रक्तमांसास हात लावणे निषिद्ध ठरावयास हवे होते. घडले नेमके उलट. अकबराच्या दरबारी अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त या स्थळाचा विष्णुगया म्हणून उल्लेख केला आहे, आणि काच व साबण करण्याची द्रव्ये येथे मिळतात, हेही लगोलग नोंदविले आहे. तीर्थ आणि कारखाना एकाच काठावर! उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काठाशी क्षार जमे. भुसकी, पापडी, डल्ला अशी त्याची प्रतवारीची नावे होती. त्यातील मुख्य द्रव्य सोड्याचे, म्हणजे वैद्यांच्या सज्जीखाराच्या जातीचे. सज्जीखार आपल्याकडे अजीर्ण व गुल्म यांवर देत आले आहेत. सुश्रुताने तर क्षारास शस्त्राहूनही श्रेष्ठ मानले.

रक्ताच्या नावाचे दुसरे एक औषध पुष्कळ घरांच्या बटव्यात असे, ते हिरादखण. रक्तस्राव व अतिसार यांवर ते देत. अरब त्यास 'दोघा भावांचे रक्त' म्हणत आणि युरोपात ते अजगरासारख्या एका कल्पित प्राण्याचे रक्त समजले जाई. हत्ती व सर्प झुंजत मेले आणि त्यांच्या मिसळलेल्या रक्तापासून ते झाले, असे रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो. वस्तुतः तो सोकोत्रा बेटावरील एका झाडाचा तांबडा डिंक. झाड समुद्रापार आणि गिऱ्हाईक इकडे. अशा वेळी अद्भुत कथेने व्यापाऱ्याचे नुकसान खास होत नसे.

लोणारची गोष्ट निराळी. येथे माल सर्वांच्या डोळ्यांदेखत काठावरून खरवडला जाई, तेव्हा कथेने कोणास फसविण्याचा प्रश्नच नव्हता. दैत्याचे नावच मुळी लवणावरून आले आहे. ज्यांनी क्षाराच्या जाती पारखून वेगळ्या केल्या, त्यांनीच त्यास असुराचे मांस म्हटले. तसे म्हणण्यात अज्ञान होते, असे घाईने ठरवू नये.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्कापाताने पडला, हे आता सिद्ध झाले आहे. तरीही जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी अकस्मात गुलाबी झाले, तेव्हा पुष्कळांस लवणासुर आठवला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि त्यात रंगद्रव्य धारण करणारे सूक्ष्म जीव माजले होते. नमुना स्थिर ठेवताच ते जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी स्वच्छ निवळले.