पाषाणाची परीक्षा

काळ्या दगडावरची रेघ असे आपण म्हणतो, ते दगड टिकतो या भरवशावर. बर्फाळ मुलखातील बांधकाम करणाऱ्यांना हा भरवसा कधीच बाळगता आला नाही. पाणी गोठले म्हणजे त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. दगडाची रंध्रे पाण्याने जवळजवळ भरलेली असतील, तर वाढणाऱ्या बर्फाला जागा उरत नाही आणि दगडाला आतून सूक्ष्म तडा जातो. दिवसा बर्फ वितळते, तड्यात नवे पाणी शिरते, रात्री तेही गोठते. वरून काही दिसत नाही. पण दर खेपेस दगडाचे बळ थोडे उतरते, आणि काही हिवाळ्यांनी कोपरे झडू लागतात. फ्रेंच भाषेत अशा दगडाला ‘जेलीव्ह’ असे स्वतंत्र विशेषणच आहे.

मग चांगला दगड ओळखावा कसा? रोमन स्थापत्यकार व्हिट्रूव्हिअस सांगतो की, दगड दोन वर्षे आधी उन्हाळ्यात काढून उघड्यावर ठेवावा. बिघडेल तो पायात घालावा, टिकेल तो वर चढवावा. सल्ला शहाणपणाचा खरा, पण दोन वर्षे थांबण्याची सवड कोणाला?

ही अडचण ब्रार (१७८६–१८३८) या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने सोडविली. कृत्रिम थंडीची यंत्रे तेव्हा प्रचारात नव्हती. त्याने दगडाचा लहान घन सोडियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात अर्धा तास उकळला व हवेत टांगून ठेवला. रंध्रांत मिठाचे स्फटिक वाढले आणि त्यांनी बर्फासारखाच दगड फोडला. स्फटिक धुऊन पुन्हा वाढू द्यावयाचे, आणि काही दिवसांनी गळालेला चुरा तोलावयाचा! १८२८ साली एरिकार द त्युरी याने ही रीत प्रसिद्ध केली.

पुढे आक्षेप निघाले, आणि ते रास्त होते. मीठ म्हणजे बर्फ नव्हे. या कसोटीने हिवाळे सोसणारा दगड नापास ठरे, तर कधी उलटही घडे. म्हणून पुढे यंत्रात दगड प्रत्यक्ष गोठवून, वितळवून, त्याचे आधीचे व नंतरचे बळ ताडून पाहण्याची पद्धत आली.

तरी ब्रारची रीत मेली नाही. भारतीय मानकात १९६३ पासून खडीसाठी तिचे सुधारलेले रूप आहे. काँक्रीटला हिवाचा संभव असेल, तर पाच आवर्तनांत जाड खडीचे वजन १२ टक्क्यांहून अधिक घटता कामा नये. हिव पडणे ही जेथे नवलाची गोष्ट, त्या आपल्या मुलखातही पाणी अधिक शोषणाऱ्या रस्त्याच्या खडीला हीच परीक्षा द्यावी लागते.

यातून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे : कसोटी उसनी घेताना ती मुळात कोणता प्रश्न विचारण्यासाठी निघाली, हे विसरू नये. दगड खोटे बोलत नाही. पण आपण विचारू तेवढ्याचेच उत्तर देतो.