स्तूप पाहायला गेले, शहर सापडले

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात नदीकाठच्या कितीतरी जुन्या गावांना पांढर असते. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचा उंचवटा. तिथली माती पिकाला चांगली, म्हणून आजे-पणजे ती गाड्या भरभरून शेतात टाकत आले. आता बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आणि जेसीबी आला, एवढाच फरक. माती उकरताना रंगीत खापरं निघतात, मणी निघतात, कधी हिरवा गंज चढलेलं नाणं निघतं. पोरं चार दिवस खेळतात नि टाकून देतात. वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही या मातीवरच लिहायचं ठरवलं. कारण या देशात तथागतांचा इतिहास पोथ्यांतून मिळाला तसाच असल्या ढिगाऱ्यांतूनही मिळाला आहे.

ढिगाऱ्याची ओळख पुसली की काय होतं, ते सारनाथला पाहावं. प्रथम धम्मचक्रप्रवर्तन जिथे झाले, ती ही जागा. १७९४ साली बनारसचे जगतसिंग यांच्या माणसांनी बांधकामासाठी तिथल्या एका स्तूपाच्या विटा काढायला घेतल्या. आत दगडी पेटी, पेटीत करंडक, करंडकात अस्थी. कोणाच्या, हे सांगणारं तिथे कोणी उरलेलं नव्हतं. त्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. यात कोणाचा दुष्टावा होता असं आम्ही म्हणत नाही. अस्थी म्हटल्या की गंगा, एवढंच त्या माणसांना ठाऊक. पण सम्राट अशोकाने बांधलेला म्हणून जो स्तूप ओळखला जातो, त्याच्या पोटातल्या अस्थींची ही गत झाली. पुढे एका पुलाच्या कामासाठी सारनाथच्या कोरीव मूर्तीसुद्धा वरुणा नदीत टाकल्या गेल्या.

त्याच सारनाथला १९०४-०५ मध्ये अर्टेल नावाच्या इंजिनिअरने रीतसर खोदकाम केले. अशोकस्तंभाचे तुकडे मिळाले आणि जवळच त्या स्तंभावरचे चार सिंह मिळाले. २६ जानेवारी १९५० पासून तेच सिंह आपल्या देशाची राजमुद्रा आहेत. आज आपल्या खिशातल्या नाण्यावर ते आहेत, कोर्टाच्या कागदावर आहेत. शंभर वर्षांच्या अंतराने एकाच ढिगाऱ्यावर दोन वेळा कुदळ पडली. एकदा विटांसाठी, एकदा माहितीसाठी.

मधल्या काळात बदल झाला होता तो असा. १९०२ साली जॉन मार्शल हे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले, १९०४ साली प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा आला. त्यानंतरच्या पंचवीसएक वर्षांत सांची, तक्षशिला, नालंदा, पेशावर अशी एकेक बौद्ध ठिकाणं खात्याने हाती घेतली. ह्युएनत्संगाचं प्रवासवर्णन हातात धरायचं आणि टेकाडं शोधत हिंडायचं, असे ते दिवस होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. त्या वेळी सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता. पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाची कचेरी पुण्यात होती. म्हणजे नगर जिल्ह्यातली देवळं आणि सिंधमधली टेकाडं, दोन्हींचा कारभार पुण्याहूनच चाले. १९११-१२ मध्ये या कचेरीचे प्रमुख देवदत्त रामकृष्ण भांडारकर मोहेंजोदडोला जाऊन आले. मोठे विद्वान, पुढे अशोकावर ग्रंथ लिहिलेले. पण विटा पाहून त्यांनी निवाडा दिला की हे अवशेष फार जुने नाहीत, दोनएकशे वर्षांचे असतील!

त्यांच्यानंतर पुण्याला राखालदास बॅनर्जी आले. मोहेंजोदडोच्या सगळ्यांत उंच टेकाडावर एक पडका स्तूप होता. तो त्यांनी ओळखला आणि १९२२ च्या अखेरीस तिथे खोदायला सुरुवात केली. भोवती भिक्षूंच्या खोल्या निघाल्या, कुशाणकाळची नाणी निघाली. इथवर ठीकच होतं, बौद्ध ठिकाणी जे मिळावं तेच मिळत होतं. पण आणखी खाली गेल्यावर वेगळ्याच मुद्रा हाती आल्या. त्यांवर प्राण्यांची चित्रे आणि कोणालाही न वाचता येणारी लिपी. तशाच मुद्रा पंजाबात हडप्पाला मिळाल्या होत्या. तिथे १९२१ पासून दयाराम साहनी खोदत होते. (हडप्पाच्या विटांचं काय झालं होतं? लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळांखाली गेल्या होत्या.) दोन्हीकडच्या वस्तू जुळल्या आणि २० सप्टेंबर १९२४ रोजी मार्शल यांनी लंडनच्या एका साप्ताहिकातून जगाला कळवलं की हिंदुस्थानात एक अतिप्राचीन संस्कृती सापडली आहे. इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमाराची पक्क्या विटांची गटारं, स्नानगृहं, सरळ रस्ते. १९२४-२५ मध्ये तिथे काशिनाथ नारायण दीक्षित या मराठी माणसाने मोठे काम केले. शहराचा एक भाग आजही त्यांच्या नावावरून ‘डीके’ म्हणून ओळखला जातो.

म्हणजे बॅनर्जी गेले होते स्तूपासाठी आणि हाती लागलं अख्खं शहर. इथे आम्हाला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आपल्याच काही मंडळींत असं म्हणतात की मोहेंजोदडो हे मुळात बौद्धांचंच शहर. जयंतीच्या भाषणांत हे ऐकायला बरं वाटतं, टाळ्याही पडतात. पण आम्हाला ते पटत नाही. खालचं शहर आणि वरचा स्तूप यांत दोन हजार वर्षांचं अंतर धरलं जातं. शहर ओस पडल्यावर फार नंतर कोणीतरी त्याच उंच जागेवर, त्याच जुन्या विटा वापरून स्तूप उभारला. (अलीकडे तर तो स्तूपच आहे का, अशीही शंका काही अभ्यासकांनी काढली आहे.) तथागतांनी सांगितलेलंसुद्धा तपासून घ्यायचं, असं शिकलेली आपण माणसं. मग मातीनं सांगितलेलं ऐकायला काय हरकत?

माती सांगते ती थरांनी. खालचा थर जुना, वरचा नवा. मोहेंजोदडोला हे नीट पाळलं गेलं नाही. वस्तू किती फुटांवर मिळाली एवढंच लिहून ठेवलं, कोणत्या थरात मिळाली ते नाही. १९४४ साली मॉर्टिमर व्हीलर खात्याचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी यावर कडक टीका केली आणि तक्षशिलेला तरुणांना थर वाचायला शिकवलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया यांनी तर इंग्लंडात शिकत असताना व्हीलरांच्याच उत्खननात काम केलं होतं.

त्याच वर्षी, १९४४ मध्ये, नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू कैदेत बसून हिंदुस्थानच्या इतिहासावर ग्रंथ लिहीत होते. त्यात सिंधू संस्कृतीवर लिहिलं, अशोकावर लिहिलं. आपल्या जिल्ह्याच्या मातीवर लिहिण्यासारखं त्या वेळी त्यांच्याकडे काही नव्हतं, कारण इथल्या पांढरींची शास्त्रीय खोदाई झाली ती स्वातंत्र्यानंतर.

१९५०-५१ मध्ये सांकलिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळ प्रवराकाठी जोर्वे येथे खोदलं. तांब्याच्या कुऱ्हाडी आणि लाल रंगावर काळी नक्षी असलेली भांडी मिळाली. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रातल्या शेतकरी वस्त्यांना आज सारं जग ‘जोर्वे संस्कृती’ म्हणतं. मग १९५४ ते ५६ नेवासे. ज्ञानेश्वरीचं गाव म्हणून ते सगळ्यांना ठाऊक, पण त्याच्या पोटात सातवाहनांचे थर आहेत, रोमहून आलेल्या मद्यकुंभांची खापरं आहेत. त्याखाली मडक्यात ठेवून पुरलेली तान्ही बाळं आहेत. एका बाळाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांची माळ दोऱ्यासकट टिकली होती, आणि दोरा होता रेशमाचा नि कापसाचा.

आता राहिलं श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. १९५८ मध्ये हे ठिकाण उजेडात आलं. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल बांधवाला झाडाचं खोड काढताना काशाच्या चार भरीव वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ, रथात उभा माणूस. चारही मिळून साठ किलोंहून जास्त वजन! पुढे १९७९ पर्यंत साळी यांनी तिथे एकावर एक पाच संस्कृतींचे थर मोजले. त्यांतल्या उत्तर-हडप्पा थरात मातीच्या मुद्रा मिळाल्या आणि त्यांवर तीच, मोहेंजोदडोची लिपी. काशाच्या वस्तू नेमक्या कोणत्या काळच्या यावर मात्र विद्वानांचं एकमत नाही, आणि त्याचं कारणही तेच. त्या थरात हात घालून काढलेल्या नाहीत, खोदकामाआधीच वर आलेल्या आहेत.

आमच्या ओळखीतल्या कित्येक घरांची शेतं गोदावरी-प्रवरेच्या काठाला आहेत. त्यांच्यासाठी एवढं लिहून ठेवतो. १८७८ चा एक जुना कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. खापरं आणि मणी यांना बाजारात दहा रुपयेही कोणी देणार नाही, म्हणून ती कायद्यात बसत नाहीत आणि ट्रॉलीतून जातात. पांढरीतून ट्रॉली भरायच्या आधी कापलेल्या कडेकडे एकदा पाहावं. राखेचे, खापरांचे, चोपलेल्या जमिनीचे पट्टे डोळ्यांनी दिसतात. ते दिसले तर फावडं थांबवून तहसीलदाराला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावं, आणि खापर जिथे आहे तिथेच राहू द्यावं.