कोंडवाडा

मोकाट किंवा दुसऱ्याच्या शेतात शिरलेली गुरे अडकवून ठेवण्याची कुंपणबंद जागा. आत जेमतेम गवत, पाण्याचा हौद, दाराला कुलूप. भारतात ही व्यवस्था १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्याने बांधली गेली. पीक तुडवणारे जनावर शेतकऱ्याने धरून २४ तासांत इथे पोचवायचे. रखवालदाराने त्याचे वर्णन, दिवस, वेळ आणि आणणाऱ्याचे नाव वहीत टिपायचे. मालकाने दंड व वैरणखर्च भरून ते सोडवायचे. ७ दिवसांत कोणी फिरकले नाही तर पोलिसांकडून नोटीस लागते, आणखी ७ दिवसांनी लिलाव. दुभत्या गाईसाठी मालक त्याच संध्याकाळी धावत येतो. भाकड जनावरासाठी बहुधा कोणी फिरकत नाही. दया पवारांच्या १९७४ च्या कवितासंग्रहाचे नाव ‘कोंडवाडा’च.