स्टेनलेस स्टीलमधील भेगांची घन-अवस्था दुरुस्ती

स्टेनलेस स्टीलमधील भेगांची घन-अवस्था दुरुस्ती म्हणजे मूळ धातू न वितळवता भेग मिटवण्याच्या किंवा झाकण्याच्या पद्धती. फ्रिक्शन स्टर प्रक्रिया आणि कोल्ड स्प्रे या त्यांतील दोन महत्त्वाच्या पद्धती होत.

पार्श्वभूमी

३०४ व ३१६ या ऑस्टेनिटिक प्रकारांच्या स्टीलवर ताण आणि क्लोराईड एकत्र आल्यास भेगा पडतात. भेग ग्राइंडरने खोदून वेल्डिंगने भरणे ही रूढ रीत आहे. मात्र त्यासाठी धातू सुमारे १,४०० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा लागतो आणि थंड होताना तो आकसून नवा ताण मागे ठेवतो. जोडालगतचा पट्टा ४५० ते ८५० अंशांदरम्यान पुरेसा वेळ राहिल्यास स्फटिककणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड साचते, सीमेलगतचे क्रोमियम घटते आणि तेथे गंज शिरतो. अशा वेळी दुरुस्तीच पुढील भेगेची तयारी करते. कमी कार्बनच्या ३०४एलमध्ये कार्बाइडचा दोष कमी होतो. ताण मात्र उरतोच.

अणुभट्टीतील स्टीलची अडचण निराळी आहे. न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्यातील बोरॉन व निकेलपासून हेलियम तयार होतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचे बुडबुडे कणसीमांवर वाढतात आणि जोड आकसताना धातू तेथेच फाटतो.

फ्रिक्शन स्टर

हे तंत्र १९९१ मध्ये ब्रिटनमधील द वेल्डिंग इन्स्टिट्यूटने प्रथम ॲल्युमिनियमसाठी विकसित केले. वेगाने फिरणारे हत्यार भेगेवर दाबले जाते. घर्षणाने धातू मऊ पडतो आणि ढवळला जाऊन भेगेच्या दोन्ही बाजू एकजीव होतात. स्टीलसाठी पॉलिक्रिस्टलाइन क्यूबिक बोरॉन नायट्राइड किंवा टंगस्टन-रेनियमची महागडी हत्यारे लागतात व तीही झिजतात. भेग हत्याराच्या टोकापेक्षा खोल असल्यास तिचा तळ तसाच राहतो. हत्यार उचलल्यावर उरणारे छिद्र वेगळे बुजवावे लागते. दाब सोसणारा भक्कम आधारही हवा, त्यामुळे पातळ पत्र्यावर हे काम अवघड ठरते.

कोल्ड स्प्रे

या तंत्राचा उगम १९८० च्या दशकात सोव्हिएत संघातील नोव्होसिबिर्स्क येथे झाला. तापवलेल्या नायट्रोजन किंवा हेलियमच्या झोतातून धातूचे बारीक कण सेकंदाला शेकडो मीटर वेगाने आदळतात आणि चपटे होऊन चिकटतात. मूळ पत्रा फारसा तापत नाही. भेगेच्या आतील बाजू मात्र या थराने सांधल्या जात नाहीत. तो क्लोराईडला अटकाव करणारे झाकण ठरतो. वापरलेले अणुइंधन ठेवण्याच्या स्टेनलेस स्टीलच्या डब्यांसाठी अमेरिकेत या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. भरलेल्या डब्याच्या आत शिरता येत नसल्याने तेथे दुरुस्ती बाहेरूनच करावी लागते.