उज्जल दोसांझ : कॅनडातील निर्भीड आवाज

फेब्रुवारी १९८५. व्हँकुव्हर शहरात आपल्या वकिली कचेरीच्या वाहनतळावर उज्जल दोसांझ यांच्यावर लोखंडी सळईने हल्ला झाला. डोक्याला सुमारे ८० टाके पडले, हात मोडला. खलिस्तानवादी हिंसाचाराविरुद्ध उघडपणे बोलणे एवढाच त्यांचा अपराध होता. त्यानंतर चारच महिन्यांनी, २३ जून रोजी, लंडन व दिल्लीमार्गे मुंबईला यायला निघालेले एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने कोसळले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. दोसांझ यांचा इशारा किती सार्थ होता, हे कॅनडाला फार उशिरा उमगले.

जालंधर जिल्ह्यातील दोसांझ कलान हे त्यांचे मूळ गाव. १९६४ मध्ये ते इंग्लंडला गेले व १९६८ मध्ये कॅनडात स्थायिक झाले. लाकडाच्या गिरणीत मजुरी करीत त्यांनी शिक्षण घेतले आणि १९७६ मध्ये कायद्याची पदवी मिळवली. १९९१ मध्ये न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे ते ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळात निवडून आले, १९९५ मध्ये प्रांताचे महान्यायवादी झाले आणि फेब्रुवारी २००० मध्ये प्रांतप्रमुख. कॅनडाच्या एखाद्या प्रांताची धुरा वाहणारे ते भारतीय वंशाचे पहिलेच नेते.

हे पद मात्र सव्वा वर्षच टिकले. पक्षाची प्रतिमा आधीच डागाळली होती. २००१ च्या निवडणुकीत मतदानापूर्वीच दोसांझ यांनी पराभव मान्य केला. ७९ पैकी अवघ्या दोन जागा पक्षाला मिळाल्या. त्यांची स्वतःचीही गेली. २००३ मध्ये भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला.

२००४ मध्ये पक्ष बदलून ते लिबरल पक्षातर्फे व्हँकुव्हर साऊथमधून संसदेत पोहोचले. या पक्षांतरावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. पंतप्रधान पॉल मार्टिन यांनी त्यांना आरोग्यमंत्री केले. त्याच वर्षी प्रांतांशी झालेल्या दहा वर्षांच्या, ४१ अब्ज डॉलरच्या आरोग्य कराराचे श्रेय मुख्यतः मार्टिन यांचे. पण सरकारी आरोग्यसेवेची बाजू दोसांझ यांनी नेटाने मांडली. २००६ मध्ये लिबरल सत्तेबाहेर गेले. २००८ ची निवडणूक दोसांझ यांनी फेरमोजणीनंतर जेमतेम २० मतांनी जिंकली. २०११ मध्ये त्याच प्रतिस्पर्धी, काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या वाय यंग, यांनी त्यांना हरवले.

अतिरेकाविरुद्धचा त्यांचा सूर मात्र कधीच मवाळ झाला नाही. २०१० मध्ये सरे येथील वैशाखी मिरवणुकीच्या आयोजकांनी, दोसांझ आलेच तर त्यांनी स्वतःचे अंगरक्षक आणावेत, असे सुनावले होते. हल्ल्याला तेव्हा पाव शतक लोटले होते. २०१६ मध्ये ‘जर्नी आफ्टर मिडनाइट’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.