मूल स्पष्ट बोलत नाही आणि सारखं धडपडतंही? खेळ-व्यायामाचा उपयोग किती?

चार वर्षांचं मूल बोलतं, पण घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. जिना चढताना अडखळतं, मोठा चेंडूही हातातून निसटतो. "याचा बाबाही उशिराच बोलला, होईल हळूहळू," असं घरात कुणीतरी म्हणतं. पण या दोन्ही गोष्टी एकत्र दिसत असतील, तर वाट पाहत बसू नका.

दोन्हींचा संबंध काय?

बोलणं ही सुद्धा हालचालच आहे. ओठ, जीभ, जबडा, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ बसला तरच शब्द स्पष्ट येतो. भाषेची अडचण असलेल्या अनेक मुलांना हाता-पायांच्या हालचालीही जड जातात, असं एलिझाबेथ हिल यांनी 2001 मध्ये घेतलेल्या संशोधनाच्या आढाव्यात दिसलं. मात्र एक अडचण दुसरीचं कारण असतेच असं नाही. त्यामुळे धावण्या-उड्यांनी उच्चार आपोआप सुधारतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

मग खेळ कशासाठी?

तोल, पकड आणि आत्मविश्वास वाढवण्यासाठी. बोलणं कळत नाही आणि खेळताही येत नाही, असं मूल मित्रांमध्ये मागे पडतं. खेळात घेतलं गेलं, तर बोलायच्या संधीही वाढतात. घरी हे करता येईल:

• जमिनीवर खडूने रेघ ओढून तिच्यावरून चालणं, पुढे दोन्ही पायांनी उडी, मग लंगडी
• आधी मोठा, हलका चेंडू, नंतर लहान
• कणीक मळणं, मणी ओवणं (मोठ्यांच्या देखरेखीत)
• बडबडगीतांवर टाळ्या आणि हातवारे

खेळताना "वर", "खाली", "थांब", "दे" असे छोटे शब्द पुन्हा पुन्हा वापरा. मुलाला उत्तर द्यायला वेळ द्या, चुकलं तर हसू नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार 3 ते 4 वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल करावी. त्यातली किमान 60 मिनिटं धावपळीची असावीत. स्क्रीन 1 तासापेक्षा जास्त नको.

शिट्टी वाजवून, फुगे फुगवून बोलणं सुधारतं का?

हा सल्ला सर्रास मिळतो. पण नुसत्या फुंकण्याच्या किंवा जीभ फिरवण्याच्या व्यायामाने उच्चार सुधारतात, याला पुरेसा पुरावा नाही, असं 2009 मधल्या एका आढाव्यात म्हटलं आहे. उच्चार सुधारायला प्रत्यक्ष ध्वनी आणि शब्दांचाच सराव लागतो. तो वाचा-उपचारतज्ज्ञ ठरवून देतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

• 2 वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल
• 3 वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना बहुतेक वेळा कळत नसेल
• 18 महिन्यांपर्यंत मूल आधाराशिवाय चालत नसेल
• येत असलेले शब्द किंवा हालचाली बंद झाल्या असतील (अशा वेळी लगेच)

सगळ्यात आधी कानांची तपासणी करून घ्या. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचं बोलणंही मागे पडतं.

मदत कुठे मिळते?

'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' 2013 मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत येऊन मुलांची मोफत तपासणी करतात आणि गरज असल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण या विषयातच काम करते.

थोडक्यात, मैदानावरचा खेळ रोज हवाच, पण तो वाचा-उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही.